रातच्या जेवणाचं काय?

आमच्या शेंदूरजनाघाटला रात्रीचं जेवण हॉटेलात करायची रीत नाही. गावात हॉटेलं आहेत, पण ती दिवसाची. सकाळी आलुबोंडा, कचोरी, तर्रीचे पोहे आणि मग दिवसभर चहा. दिवेलागणीला भट्टी थंड होते आणि माणसं आपापल्या घरी जातात. जो माणूस रात्री बाहेर जेवतो, त्याच्या घरी काहीतरी बिनसलं असलं पाहिजे, असं आमच्याकडं अजूनही धरतात. बायको माहेरी गेली तर भावाच्या घरून ताट येतं, भाऊ नसला तर शेजार असतो. त्यामुळे चांगलं हॉटेल शोधायची वेळ आमच्यावर पन्नाशी उलटेपर्यंत आली नाही. दुसऱ्यांच्या रात्रीच्या जेवणाची सोय लावण्यात मात्र अर्धी हयात गेली.

त्याचं असं आहे. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी, वरुड तालुक्यात. सगळा संत्र्याचा मुलूख. फळ तर आहेच, पण आमच्या गावाचं नाव आहे ते कलमांसाठी. जंबेरीचं बी टाकायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरायचा, फुटला की जपायचा, आणि पाऊस पडला की कलम विकायचं. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने गिऱ्हाईक येतं. जवळच्या तालुक्यांतून येतं, मध्य प्रदेशातून येतं. झाडं पाहायची, मोजायची, भावावर घासाघीस करायची, गाडी भरायची, यात रात्र होते. मग आमचे अब्बा गिऱ्हाइकाला विचारायचे, "भाऊ, रातच्या जेवणाचं काय?"

हा प्रश्न साधा नव्हता. समोरच्याचं नाव ऐकलेलं असायचं, त्यानंही आमचं ऐकलेलं असायचं. अब्बा उत्तराकडं कमी आणि त्याआधीच्या थांबण्याकडं जास्त लक्ष द्यायचे. माणूस "इथंच जेवू की" असं झटकन म्हणाला तर आमच्या चुलीवर भाकरी पडायच्या. तो क्षणभर जरी घुटमळला तर अब्बा त्याला बोलूच द्यायचे नाहीत. शेजारच्या वाड्यात निरोप जायचा आणि तिकडून शेजारी ओरडायचे, "काहून चिंता करता, पाहुणे आमच्या घरी जेवतीन!" पाहुणा तिकडं पोटभर जेवायचा आणि झोपायला आमच्या ओसरीवर यायचा. कोणाचा अपमान नाही, कोणाला संकोच नाही. अब्बा गेल्यावर ही रीत आम्ही जशीच्या तशी चालवली आणि तिचा आम्हाला अभिमानही होता. परगावची माणसं म्हणायची, तुमच्या गावात माणुसकी आहे. आम्ही मान हलवायचो.

ही रीत म्हणजे सोवळंओवळं, असं कोणी समजू नये. दर्ग्यावर कंदुरी होते तेव्हा नवस हिंदू घरातला असतो, बकरा मुल्लाच्या हातचा असतो आणि पंगतीला कोण कोणाच्या शेजारी बसलं हे कोणी पाहत नाही. पण कंदुरी वर्षातून एकदा. रोजच्या रात्रीचा हिशोब वेगळा, एवढं आम्हाला कळत होतं.

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या लेकीला पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. आमच्या मोहल्ल्यातून शिकायला इतक्या लांब जाणारी ती पहिलीच मुलगी. कलमांचा ऐन हंगाम धाकट्या भावावर टाकून आम्ही नवरा-बायको तिला घेऊन निघालो. अमरावतीहून रात्रीची ट्रॅव्हल्स होती. सोबत भाकरी, ठेचा आणि आलूची कोरडी भाजी. बसमध्ये लोकांना वासाचा त्रास नको म्हणून गोश्त घेतलं नव्हतं. पहा, बसमध्येसुद्धा आम्ही समोरच्याचं घुटमळणं आधीच ओळखून बसलो होतो.

पुण्यात दिवस फीच्या रांगेत आणि कागदांच्या झेरॉक्समध्ये गेला. खोलीची सोय आधीच झाली होती. वरुडच्या दोन मुली एका पेठेत राहत होत्या, तिसरी आमची. आम्ही दोघं स्वारगेटजवळच्या लॉजवर उतरलो होतो आणि ती रात्र लेकही आमच्याजवळच राहणार होती. दिवस मावळला, डब्यातली शेवटची भाकर संपली आणि आमच्यावर तो प्रश्न पहिल्यांदा उलटून आला. रातच्या जेवणाचं काय?

लॉजच्या मॅनेजरला विचारलं, "इथं चांगलं हॉटेल कोणतं?"

तो म्हणाला, "चांगलं म्हणजे कसं?"

आम्ही तिघं एकमेकांकडं पाहू लागलो. आमच्या मनात चांगलं म्हणजे हलाल. तिच्या अम्मीच्या मनात, जिथं बाईमाणसाला टेबलाला टेबल खेटून परक्या पुरुषांत बसावं लागणार नाही ते. लेकीच्या मनात काय होतं ते तिनं त्या वेळी सांगितलं नाही. मॅनेजरनं आमच्या दाढीकडं पाहिलं, थोडा विचार केला आणि म्हणाला, "बादशाहीला जा. टिळक रोडला आहे, जवळच. फार जुनं आहे."

बादशाही! नाव ऐकूनच आमची भूक वाढली. भुरभुर पावसात आम्ही टिळक रोड तुडवत निघालो. वाटेत तिच्या अम्मीनं सीख कबाब मागवायचे की भुना गोश्त, हेही ठरवून टाकलं. पोचलो तर आतून वरणाच्या फोडणीचा वास. बादशाही बोर्डिंग हाऊस ही १९३० च्या दशकातली, अस्सल पुणेरी, शाकाहारी खानावळ. पोळी, भाजी, वरण, भात. मॅनेजरनं आमची थट्टा केली की काय, असं एकदा वाटलं. नंतर वाटलं, बिचाऱ्यानं खरंच त्याला जे चांगलं वाटतं ते सांगितलं असेल.

लेक म्हणाली, "अब्बा, बसू या ना. वास छान येतोय."

आम्ही म्हणालो, "उद्यापासून तुला हेच आहे. आज नाही." शहरात आलोय, लेकीची आमच्यासोबतची शेवटची रात्र, तिला वरण-भात खाऊ घालून जायचं? आमचा हट्ट होता. तो चुकीचा होता हे आता लिहायला सोपं जातं.

रिक्षा करून डेक्कनला गेलो. तिथल्या गुडलकचं नाव आम्ही तरुणपणी, नागपूरला शिकत असताना पुण्याच्या एका मित्राकडून ऐकलं होतं. १९३५ सालचं इराण्याचं हॉटेल. चौकाला त्याचंच नाव पडलंय. दारात पोरापोरींची ही गर्दी. आम्ही नंबर लावून कडेला उभे राहिलो. पाऊण तास काही जागा झाली नाही, पण तेवढा वेळ आत पाहायला मिळालं. एका टेबलावर म्हातारा एकटाच बन-मस्का चहात बुडवून खात होता, शेजारी कॉलेजची मुलं खिमा-पाव खात होती, आणि कोणी कोणाकडं पाहत नव्हतं.

इराण्याची ही गंमत आम्हाला पुस्तकांतून माहीत होती. इराणातून आलेल्या या माणसांनी, त्यांत झरतुष्ट्री होते तसे मुसलमानही होते, मुंबई-पुण्यात हॉटेलं काढली. त्या काळात खानावळींच्या पाट्यांवर जात लिहिलेली असायची. इराण्याकडं मात्र ज्याच्या खिशात चहाचे पैसे तो खुर्चीवर बसायचा. याच पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे अशी मोठमोठी माणसं जमली होती आणि मिशनऱ्यांनी त्यांच्यापुढं चहा ठेवला. त्या चहापायी ग्रामण्य झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि पुढं न्यायमूर्ती रानड्यांसारख्या माणसालाही प्रायश्चित्त घ्यावं लागलं. एवढ्या मोठ्या माणसांवर जिथं एका कपापायी ही वेळ आली, तिथं आमच्या घुटमळणाऱ्या गिऱ्हाइकांना काय बोल लावायचा? उभ्या उभ्या हे सगळं डोक्यात चाललं होतं. तेवढ्यात तिची अम्मी म्हणाली, "अजी, पाय दुखायले. कुठीबी बसा आता."

मग कॅम्प. रिक्षावाल्यानं आपणहून एका हॉटेलासमोर सोडलं. बाहेर उर्दू अक्षरं, काचेच्या कपाटात शिगा, वर कुटुंबांसाठी वेगळी खोली. आम्हाला एकदाचं घरी आल्यासारखं झालं. तिची अम्मी ऐसपैस बसली. आम्ही बिर्याणी, कबाब, रोटी असं दणकून सांगितलं. वेटर पोऱ्या उत्तरेकडचा असावा. आमचं आपसातलं बोलणं तो ऐकत होता. आम्ही घरात दखनी बोलतो, पण लेकीशी बोलताना मराठी कधी सुरू होते ते आम्हालाही कळत नाही. रोट्या ठेवता ठेवता त्यानं विचारलं, "आप लोग मुसलमान हो ना? फिर मराठी में क्यूँ बात करते हो?"

त्याच्या विचारण्यात खोट नव्हती. खरंच नवल वाटलं असेल त्याला. आम्ही त्याला सांगितलं, वऱ्हाडचे आहोत, बापजादे तिथलेच. तो बरं म्हणून गेला. पण घरी आल्यासारखं जे वाटत होतं ते जरा उतरलं. बादशाहीच्या दारात आम्ही आमच्या दाढीमुळे अवघडलो होतो आणि इथं आमच्या जिभेमुळे.

जेवण चांगलं होतं, हे मात्र कबूल केलं पाहिजे. तेल थोडं जास्त. लेक निम्मंच जेवली. बिल सातशेच्या वर झालं आणि घड्याळात साडेदहा वाजून गेले होते. खाली उतरताना ती म्हणाली, "अब्बा, तुम्ही एका रात्रीचं हॉटेल शोधत होता. मला चार वर्षं रोज रात्री जेवायचंय."

त्यावर आम्ही दोघांपैकी कोणी काही बोललं नाही.

दुसरा दिवस आम्ही त्याच कामाला दिला. पुण्याच्या पेठांमध्ये परगावच्या पोरांवर चालणाऱ्या खानावळी किती आहेत, हे पाहिल्याशिवाय पटत नाही. त्यांना तिथं मेस म्हणतात. कोणी फ्लॅटच्या हॉलमध्ये चार टेबलं टाकलेली, कोणी जिन्याखाली पोळी-भाजी केंद्र काढलेलं, कोणी नुसते डबे देणारं. महिन्याचे पैसे आधी. रविवारी संध्याकाळी चूल बंद. हे शेवटचं बहुतेक सगळीकडं सारखंच.

पहिल्या ठिकाणी स्वयंपाकघर लख्ख होतं. पोळ्या डोळ्यांदेखत लाटत होते. मालकीणबाई अदबीनं बोलल्या, वेळा सांगितल्या, दर सांगितला, वही उघडली. नाव विचारलं. लेकीनं सांगितलं. पेन कागदावर टेकलेलं होतं, ते तिथंच थांबलं. मग त्या म्हणाल्या, "अगं, या महिन्याचे नंबर फुल झालेत. पुढच्या महिन्यात विचारा."

ते थांबणं आम्ही ओळखलं. तीस वर्षं आम्ही दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर तेच तर वाचत आलो होतो. फरक इतकाच, की इथं शेजारच्या वाड्यात निरोप पाठवणारं कोणी नव्हतं. जिना उतरताना तिची अम्मी म्हणाली, असतील खरंच फुल. आम्हीही हो म्हणालो. तीन दिवसांनी खोलीतल्या वरुडच्या दोन्ही मुलींनी त्याच मेसमध्ये नाव घातलं आणि त्यांना जागा मिळाली, हे आम्हाला गावी परतल्यावर फोनवर कळलं. त्यातल्या एकीला लेकीनं झाला प्रकार सांगितला, तेव्हा तिनं आठवड्यात पैसे परत मागितले. दुसरी तिथंच राहिली. तिथल्या पोळ्या मऊ असतात, म्हणाली. दोघींशीही आमच्या लेकीची आजतागायत मैत्री आहे.

आणखी दोन ठिकाणं फिरलो. एक अस्वच्छ, एक महाग. पाऊस लागून राहिलेला. रात्रीची बस गाठायची होती. शेवटी एका जुन्या वाड्याच्या मागच्या बाजूला एक मेस सापडली. साठीच्या काकू, त्यांची सून आणि मदतीला एक बाई. भिंतीला ओल आलेली. खुर्च्या एकसारख्या नाहीत. काकूंनी बसायला सांगितलं आणि काही विचारायच्या आत तिघांपुढं ताटं ठेवली. "आधी चव बघा, मग पैशाचं बोलू." मटकीची उसळ, पोळी, आमटी, भात. तिची अम्मी जेवता जेवता म्हणाली, "भाजीवर सांभार टाकत नाही का तुम्ही?"

काकू म्हणाल्या, "सांबार गुरुवारी असतं, इडलीबरोबर."

लेकीला हसू आवरेना. आमच्याकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात, हे तिनं समजावलं. काकूंनी आत जाऊन कोथिंबिरीची मूठच आणून ताटलीत ठेवली.

मग वही निघाली. नाव. आम्ही दोघांनी नकळत ताटाकडं पाहायला सुरुवात केली. काकूंनी नाव लिहिलं, एक अक्षर चुकलं ते लेकीला विचारून दुरुस्त केलं, आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "रोजे धरतेस का गं? मागं एक मुलगी होती लातूरकडची. तिला पहाटेचा डबा रात्रीच भरून द्यायचे. धरणार असलीस तर चार दिवस आधी सांग, दही लावावं लागतं. आणि एक आत्ताच सांगते. इथं अंडंसुद्धा होणार नाही. ते तुझं तू रविवारी बाहेर बघ."

लेक म्हणाली, "चालेल."

आम्ही विचारात पडलो. आम्ही ज्या गिऱ्हाइकांची सोय शेजारी लावत आलो, त्यांना आम्ही कधी असं काही सांगितलं होतं का, की आमच्याकडं हे आहे, हे नाही, बसायचं तर बसा? त्यांचं थांबणं दिसलं की त्यांना वाट काढून देत होतो, आणि त्यांच्यासोबत आमचीही सुटका होत होती. त्यातला एखादा नुसता लाजून घुटमळला असेल, त्यालाही आम्ही शेजारी धाडला असेल. अब्बांना विचारता आलं असतं तर विचारलं असतं. माणुसकी तर होतीच ती. पण तेवढीच होती का, हे आता आम्हाला छातीठोक सांगता येत नाही.

पैसे भरले. त्या रात्री स्वारगेटला बसमध्ये चढताना लेक रडली नाही, तिची अम्मी रडली.

पुढचं थोडक्यात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीच्या तोंडावर लेक घरी आली. त्या वर्षीचा रमजान घरातच गेला, पुढच्या वर्षीचाही. मेस कित्येक महिने बंद होती. काकूंनी राहिलेल्या दिवसांचे पैसे लेकीच्या खात्यावर परत पाठवले, न मागता. २०२२ चा रमजान एप्रिलमध्ये आला, तेव्हा ती पुण्यात होती. आम्ही रोज इफ्तारनंतर फोनवर विचारायचो, "उद्याच्या सहरीला काय दिलंय?" दोन पोळ्या, कोरडी भाजी, दही. कधी थालीपीठ. मृग बहाराचा माल निघाला होता, त्यातली एक पेटी आम्ही ट्रॅव्हल्सनं काकूंना पाठवली. काकूंचा फोन आला, संत्री गोड आहेत पण बिया फार. हे त्यांचं म्हणणं खरं आहे. नागपुरी संत्र्याला बिया असतात, त्याला आमचा इलाज नाही.

रविवारच्या रात्रींचं मात्र लेकीनं आपलं आपण शोधलं. कधी मोमीनपुऱ्यात मैत्रिणीच्या घरी, कधी गुडलकला नंबर लावून. बादशाहीलाही ती दुपारी जेवून आली आणि मुद्दाम फोन करून सांगितलं, "अब्बा, तुम्ही उगाच सोडलंत." २०२३ ला तिचं शिक्षण संपलं. पुण्यातच नोकरी लागली. पगार बरा आहे, स्वयंपाकाची सोय आहे, तरी आठवड्यातून दोन-तीनदा ती काकूंकडं जेवते.

आता परवा तिचा फोन आला. काकू आणि त्यांची सून शेगावला दर्शनाला येणार आहेत, तिथून पुढं संत्र्याच्या बागा बघायला आमच्या गावी. एक मुक्काम. हे ऐकल्याबरोबर आमच्या तोंडून सवयीनं निघालं, "शेजारी सांगून ठेवतो, रातच्या जेवणाचं."

तिकडून लेक चिडली. म्हणाली, काकू आपल्या घरी जेवतील, अम्मीनं वांग्याची भाजी आणि भाकरी करावी, वर सांभार टाकावा. तिच्या अम्मीचं म्हणणं, भाजी करू, पण भांडी नवी घ्यावीत. त्यांना सांगायचं नाही, पण घ्यावीत. लेक म्हणते, घ्यायची असली तर सांगून घ्या. शेजारच्यांना हे कळलंय आणि तेही रुसलेत, की पुण्याच्या पाहुण्यांचं ताट यंदा त्यांच्याकडं का नाही. येत्या मंगळवारी काकू येतायत. आमच्या घरात अजून दोन मतं आहेत.